स्कींना मीठ लागू नये म्हणून

६ जानेवारी, रविवार
उणे सात. पहाटेपर्यंत ताजा बर्फ. निळं मेण, वर पातळ जांभळं.

ही वही खरं तर स्कींच्या तळाला लावायच्या मेणाची आहे; जसा बर्फ, तसा मेणाचा रंग. तीस वर्षं झाली, स्की तयार केल्या की त्या दिवसाचं तापमान, बर्फ कसा आणि मेण कुठलं एवढंच लिहीत आलो. आज जास्त लिहितोय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, आणि माझी बायको आस्लाउग गेल्यापासून जेवायच्या टेबलावर समोर कुणी नसतं.

इल्वा शर्यतीत एकतिसावी आली. माझी नात, तेरा वर्षांची. चढावर तिच्यासारखी धावणारी पोरगी या खोऱ्यात दुसरी नाही, आणि ती एकतिसावी! काल चार तास मी तिच्या स्कींवर होतो. इस्त्रीने मेण लावलं, खरवडलं, तीन ब्रश फिरवले. आज मैदानावर गाडीच्या टपावरची पिशवी उघडली तर स्कींच्या तळावर करडा थर. मीठ! हमरस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात ते. पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलं आणि पिशवीच्या चेनमधून आत शिरलं. मी पुसलं, पण मेण मेलं ते मेलंच. पोरगी उतारावरसुद्धा काठ्या मारत होती.

परत येताना म्हणाली, "आबा, माझेच पाय जड झाले होते आज."

मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली. तिची ही सवयच आहे. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तिची आई तोरुन, म्हणजे माझी मुलगी, वृद्धाश्रमात परिचारिका आहे आणि या हिवाळ्यात तिला बहुतेक रविवारी काम आहे. इल्वाचा बाप उत्तरेला, दुसऱ्या संसारात. म्हणजे शर्यतींना न्यायचं काम माझं. खरं सांगायचं तर मी त्या रविवारांवरच जगतो.

९ जानेवारी
उणे बारा. मेण नाही, आज फक्त डोकं चालवलं.

सापडलं! गाडीच्या मागच्या सीटच्या मधोमध एक झडप आहे, हात टेकायचा भाग खाली पाडला की उघडते. लांब सामान डिकीतून आत सरकवायला असते ती. बारा वर्षं गाडी वापरतोय आणि कधी उघडली नव्हती. इल्वाच्या स्कींच्या तिन्ही जोड्या रबरी पट्टीने एकत्र बांधल्या, आस्लाउगच्या लोकरीच्या शालीत गुंडाळल्या आणि आत घातल्या. स्कींच्या मागे मेणाची पेटी (आज वजन केलं, चौदा किलो) आणि मेण लावताना स्की टेकवायची लोखंडी घोडी ठेवावी लागते, त्यामुळे टोकं दोन पुढच्या सीटच्या मधून थेट गिअरच्या दांड्यापर्यंत येतात. गिअर टाकताना मनगटाला लागतात. लागू देत.

टप मोकळा. आता तिथे हवं तेवढं मीठ बसो.

१३ जानेवारी, रविवार
उणे नऊ. जुना, दाणेदार बर्फ. हिरवं मेण.

बारावी! एकतिसावरून बारावी. तळ घरून निघताना होता तसाच मैदानावर. शेजारच्या क्लबचे लोक टपावरून पिशव्या काढून पुसापुशी करत होते, आणि मी शाल उलगडली. त्यांची तोंडं बघण्यासारखी होती.

परतीच्या वाटेवर इल्वा दमून झोपली. डोकं कलतं कलतं स्कींच्या टोकांवर टेकलं. पस्तीस किलोमीटर तशीच झोपली होती. गाल शालीवर, तोंड किंचित उघडं, दोन वर्षांची असताना झोपायची तशी. मी ऐंशीच्या रस्त्यावर ऐंशीनेच आणलं, उगाच हळू चालवून मागच्यांना कशाला अडवायचं. इतका सुखाचा दिवस किती दिवसांनी आला.

१५ जानेवारी
उणे चौदा.

कोरे आला होता. शेजारी. चाळीस वर्षं त्याने या खोऱ्यातून लाकडाचे ट्रक चालवले आणि अजून दुसऱ्याच्या गाडीत डोकावल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. मी झडपेची युक्ती दाखवली. वाटलं, कौतुक करेल.

"ओद्वार, नातीला भाल्यांच्या शेजारी बसवतोस होय रे?"

"स्की आहेत त्या, लेका. तुझे ओंडके नव्हेत."

"माझे ओंडके बांधलेले असायचे. कचकन ब्रेक दाबलास तर ह्या कुठे जातील?"

"मी कचकन ब्रेक दाबतच नाही."

"तू नाही रे दाबत म्हाताऱ्या, जंगलातून रस्त्यावर आलेला एल्क दाबायला लावतो. आणि मागे ती पेटी काय ठेवलीयस? ह्यांना ढकलायला?"

मग म्हणाला, माझी टपावरची पेटी घेऊन जा. कडक झाकण आहे, कडेला रबर आहे, मिठाचा कण आत जायचा नाही. नको असेल तर निदान दोन पट्टे देतो, डिकीतल्या कड्यांना बांध.

मी नाही म्हटलं. पेटीत स्की खडखडतात, असं काहीतरी कारण दिलं. खरं कारण इथे लिहितो, वहीशी काय लाजायचं. उद्या इल्वा जिंकली तर हा दुकानासमोर उभा राहून सांगत सुटेल, माझ्या पेटीची कमाल. त्याने आजवर मला कशाचंच श्रेय घेऊ दिलेलं नाही.

२० जानेवारी, रविवार
उणे पाच. मऊ बर्फ. जांभळं मेण.

आठवी. पण आज जरा गडबड झाली.

जाताना वळणावर पुढचा दुधाचा टँकर अचानक थांबला. मी ब्रेक दाबला. फार जोरात नाही, पन्नासच्या आतच होतो. स्की सुर्रकन पुढे गेल्या आणि रेडिओत घुसल्या. काचेचा चुरा, आत तारा दिसायला लागल्या. गाडी कडेला घेतली आणि आधी टोकं तपासली. ओरखडासुद्धा नाही. जिवात जीव आला.

इल्वाचं कोपर दोन बोटं बाजूला होतं. ती कोपराकडे बघत होती, मग रेडिओकडे, आणि हसायला लागली. "आबा, बातम्या संपल्या!" मीही हसलो. मग तिने हात बाहीत ओढून घेतला, थंडी वाजत असेल. मेण मऊ पडू नये म्हणून मी हीटर कमी ठेवतो.

मैदानाजवळ आल्यावर म्हणाली, "आईला नको सांगूया हं. ती लगेच म्हणेल, बसने जा. आणि बस रविवारी नसतेच."

बरं झालं तिनेच म्हटलं. मला म्हणावं लागलं असतं.

२२ जानेवारी
उणे दहा.

उपाय निघाला. कोरेच्या पट्ट्यांचा विचार करून पाहिला. कड्या डिकीच्या तळाला आहेत, नेमक्या मेणाच्या पेटीखाली. पेटी तिथून काढली तर ठेवू कुठे? आणि पट्टा आवळला की तळावर तळ दाबले जाणार. त्यापेक्षा टोकांसमोर जुनी उशी ठेवली, आणि माझ्या उजवीकडे बसलेली इल्वा डाव्या हाताने टोकं धरून बसणार. माणसाच्या हातासारखा पट्टा नाही. गरज असेल तेवढाच आवळतो.

शाळेतून आली तेव्हा अंगणात सराव केला. मी वीसच्या वेगाने गाडी आणायची आणि ब्रेक दाबायचा.

"कशी धरू? अशी?"

"वरून नको. समोरून, तळहात लाव. आणि ब्रेक दाबला की घट्ट."

"आणि सोडायच्या नाहीत?"

"काही झालं तरी सोडायच्या नाहीत."

तीनदा ब्रेक दाबला. तिन्ही वेळा धरून ठेवल्या, एक इंच हलल्या नाहीत. शाबास म्हटलं तर लाजली. तिला एखादं काम सोपवलं की ती जीव ओतून करते. आस्लाउगवर गेली आहे.

२७ जानेवारी, रविवार
उणे अकरा. कोरडा बर्फ, पायाखाली कुरकुरणारा. हिरवं, फक्त हिरवं.

पाचवी! प्रशिक्षक येऊन मलाच विचारून गेला, कुठलं मेण. दहा तारखेच्या निवड शर्यतीत पहिल्या सहांत आली तर जिल्ह्याच्या संघात घेतात. मी सांगितलं, हिरवं. थर किती ते नाही सांगितलं.

हात सारखा टोकांवर धरून इल्वाची बोटं वाटेत बधिर झाली होती. मैदानावर पोचल्यावर काखेत धरून गरम करत होती. पुढच्या वेळी जाड हातमोजा द्यायला हवा.

संध्याकाळी तोरुन तिला न्यायला आली. पुढच्या सीटवर इल्वाची टोपी राहिली होती, ती घ्यायला वाकली.

"बाबा, रेडिओला काय झालं?"

"इस्त्री लागली. सामान चढवताना."

"इस्त्री? समोरून?"

"हो, घाईत होतो."

तोरुन बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिली. बारा तासांची पाळी करून आली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"सामान टपावर बांधतोस ना नीट?"

"तीस वर्षं बांधतोय."

"बाबा, दुसरं कुणी नाहीये मला तिला न्यायला," म्हणाली आणि दार लावलं. मला आधार वाटला तिच्या बोलण्याने. इतकी वर्षं झाली, कुणाला माझी गरज आहे असं कुणी म्हटलं नव्हतं.

५ फेब्रुवारी
उणे एकोणीस. डोंगरावर कमरेइतका बर्फ.

एल्क, घोड्याएवढी ती सांबरं, खाली उतरलेत. वर चरायला काही उरलं नाही की ते रस्त्यावर येतात, रस्त्यावर चालायला सोपं. दुकानात सगळ्यांच्या तोंडी तेच आहे. शनिवारपासून पुलापासच्या सात किलोमीटरच्या टप्प्यात तीन गाड्या एल्कवर धडकल्या. एका गाडीचा टपच कापून काढावा लागला म्हणे.

सकाळी दार उघडलं तर कडीला कोरेचे दोन पट्टे लटकवलेले. चिठ्ठी नाही, काही नाही. मी आत घेतले.

दुपारी स्की गाडीत घातल्या आणि एकटाच इल्वाच्या सीटवर बसलो. का ते माहीत नाही. टोकं डाव्या बाजूला होती. हात लावून पाहिला. तळहात टोकांवर, टोकांपासून रेडिओच्या भोकापर्यंत वीतभर जागा, मध्ये उशी. कसंतरीच वाटलं. उठलो, पेटी हलवली, कोरेचे पट्टे कड्यांना लावले आणि आवळले. बऱ्यापैकी घट्ट बसल्या. तासाभराने सोडून बघितलं, तर जिथे पट्टा होता तिथे तळावर दोन बोटं रुंद फिकट पट्टी उमटलेली. नेमकी पायाखालच्या भागात, जिथे सगळा जोर येतो.

पट्टे सोडले. पेटी जागेवर ठेवली. पाच दिवसांनी निवड आहे, आता प्रयोग नकोत. त्यानंतर हंगामभर बांधेन.

९ फेब्रुवारी
उणे चार, चढतंय. हे वाईट, ओल्या बर्फावर मेण टिकत नाही.

कोरे कुंपणापाशी उभा होता. "पट्टे लावलेस का?"

"लावून पाहिले," म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"मग ठीक," म्हणाला आणि आत गेला. नेहमीसारखी टवाळी केली असती तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी, रविवार, सकाळी
उणे तीन. रात्रभर ओला बर्फ पडत होता, आता थांबलाय. जांभळं, टोकाला लाल. बोटाने थर बघितला, असं मेण आयुष्यात दोन-तीनदाच बसतं.

इल्वा आली. जाड हातमोजा स्वतःच आणलाय. निघतो.

१३ फेब्रुवारी
तापमान बघितलं नाही.

हात लिहायला तयार नाही, पण लिहिणार.

रविवारी पुलाच्या अलीकडे, आठला दहा मिनिटं कमी असताना. उजेड नुकता येत होता. एल्क रस्त्याच्या मधोमध उभा होता. मला आधी त्याचे पायच दिसले, झाडांच्या खोडांसारखे. मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याने आमच्याकडे बघितलं आणि झाडीत निघून गेला. त्याला केसाचाही धक्का लागला नाही. गाडीलाही नाही.

मागून पेटी सुटली होती. चौदा किलो. तिने स्कींना मागून ठोकलं.

इल्वा ओरडली नाही. मी वळून बघितलं तर तिचा डावा हात टोकं आणि रेडिओच्या भोकाच्या मध्ये होता आणि उशी लाल होत होती. पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "आबा, मी नाही सोडल्या."

हे मी किती वेळा ऐकलंय तेव्हापासून. भांडी घासताना ऐकू येतं.

तळहाताची तीन हाडं मोडली आणि दोन बोटांच्या शिरा तुटल्या. पाच तास शस्त्रक्रिया चालली. डॉक्टरीणबाई म्हणाली, बोटं राहतील. मिटतील का, काठी धरता येईल का, ते उन्हाळ्यापर्यंत कळणार नाही.

पोलीस आला तेव्हा मी खाटेशेजारी होतो. त्याने विचारलं, हात तिथे कसा गेला. मी तोंड उघडायच्या आत इल्वा बोलली, "मी घाबरून धरल्या. आबा मला नेहमी सांगतो, हात लावू नकोस म्हणून." डॉक्टरीणबाईला तेच. आईला तेच. प्रत्येक वेळी शब्द न् शब्द तोच. पाठ केल्यासारखा.

आणि मी गप्प. स्वतःशी म्हणत होतो, पोरीला त्रास नको, नंतर सांगू. नंतर तोरुनने माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाबा, तू वेळेवर ब्रेक दाबलास म्हणून दोघं वाचलात." तेव्हाही गप्प. माझ्या मुलीने माझे आभार मानले आणि मी ते घेतले.

इल्वा रडत नाही. परिचारिका विचारते, दुखतंय का, तर मान हलवते. फारसं नाही म्हणते. सगळे तिच्या धीराचं कौतुक करतात. मला त्या धीराची भीती वाटते.

कोरेने गाडी पुलापासून घरी आणली. स्की माझ्या ओसरीत उभ्या केल्या, पट्टे त्यांच्याशेजारी ठेवले आणि गेला. मला शिवी दिली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

१४ फेब्रुवारी

सांगितलं.

इस्पितळाच्या कॉफीच्या यंत्रापाशी तोरुन उभी होती. तिला पेला भरून दिला आणि मग सगळंच बोललो. झडप, टँकर, रेडिओ, पट्टे लावून सोडले ते. धरायला मी सांगितलं होतं ते. अंगणातला सराव.

ती माझ्याकडे बघत नव्हती. यंत्राकडे बघत होती.

"सराव केलात? अंगणात?"

"हो."

"किती वेळा?"

"तीनदा."

ती भिंतीला टेकली. मला वाटलं ओरडेल. तिने हातातला पेला न पिताच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"रेडिओचं मला कळलं होतं, बाबा. इस्त्रीने नाही फुटत तसं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर रविवारी सुट्टी काढावी लागली असती." तिने डब्याचं झाकण खाली दाबलं. मग म्हणाली, "माझं मी बघेन. तू आत जा. तिला सांग की तू मला सांगितलंस. चार दिवस पोरगी तुझ्यासाठी पोलिसाशीसुद्धा खोटं बोलतेय."

आत गेलो. इल्वा खिडकीकडे तोंड करून पडली होती, हात उशांवर उंच ठेवलेला.

"इल्वा, मी आईला सांगितलं."

"काय?"

"धरायला मी सांगितलं होतं ते."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "सगळं?"

"सगळं. पोलिसालाही उद्या सांगणार आहे. तुला आता काही बोलायचं नाही."

मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. रविवारपासून पहिल्यांदा. मोठ्याने, लहान मुलं रडतात तशी.

"आबा, खूप दुखतंय," म्हणाली. "रविवारपासून दुखतंय."

मी परिचारिकेला बोलवायची घंटा दाबली.